घोडे वाढले, पण आवाजाचं काय?

सायलेन्सरची रांग रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवल्याचा व्हिडिओ दर काही महिन्यांनी येतोच. कधी पुण्याचा, कधी मुंबईचा, कधी नागपूरचा. खाली कमेंटमध्ये ठरलेले दोन तट. एक म्हणतो, बरी जिरवली, रात्री-अपरात्री बुलेटची पुंगळी काढून फटाके फोडत फिरतात, म्हातारी माणसं दचकून उठतात. दुसरा म्हणतो, खड्डे बुजवायला रोलर मिळत नाही, सायलेन्सर चिरडायला बरा मिळतो. मला दोन्ही कमेंट पटतात आणि दोन्ही अर्धवट वाटतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. इंजिनात रस नसेल त्यांनी मधला भाग भराभरा सोडला तरी चालेल, पण शेतकऱ्याचा भाग तेवढा वाचा.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाळेच्या सुट्ट्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात गेल्या. तिथे आरएक्स 100 आणि राजदूत 350 यायच्या, पोर्टिंग करून घ्यायला. पुढे मेकॅनिकल केलं, नोकऱ्या केल्या, आणि आता सतरा वर्षं अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या अगदी वरच्या टोकाला आहे. कॅनडाची हद्द गाडीने तासाभरावर. थंडी उणे 30 पर्यंत जाते. गावात मराठी घर आमचं एकच. इथे हिवाळ्यात पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे जे चालवतात ते स्नोमोबाईल. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, वर मोटारसायकलसारखं बसायचं. पोलारिस आणि आर्क्टिक कॅट या दोन मोठ्या कंपन्या याच भागातल्या, रोझो आणि थीफ रिव्हर फॉल्स या छोट्या गावांतून निघालेल्या. म्हणजे आपल्याकडे इचलकरंजीला माग, तसं इथे हे.

या यंत्राचा जन्म मात्र मौजेसाठी झालेला नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात व्हालकूर नावाच्या गावी जोसेफ-आर्मांद बाँबार्डिए नावाचा मेकॅनिक होता. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेता आलं नाही, मूल गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा खटाटोप तो आधीपासून करत होता, नंतर त्याने तो सोडलाच नाही. 1937 मध्ये चाक-पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं आणि सात माणसं बसतील अशी बंदिस्त गाडी निघाली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांच्यासाठी. मग 1948 मध्ये क्यूबेक सरकारने हिवाळ्यात रस्ते साफ ठेवण्याचा कायदा केला आणि त्याच्या मोठ्या गाड्यांचं गिऱ्हाईक घटलं. सरकारने आपलं काम केलं की खासगी सोयीची गरज कमी होते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. 1959 मध्ये त्याने हलकी, एक-दोन माणसांची स्की-डू काढली, आणि तिथून हे यंत्र गरजेकडून हौसेकडे वळलं.

माझ्याकडची स्की-डू 1976 ची आहे, पिवळी. एका कोठारात गवताच्या गठ्ठ्यांमागे पडलेली मिळाली. रोटॅक्सचं दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, पंख्याने थंड होणारं 440 चं इंजिन. प्रत्यक्षात 436 सीसी. बोअर साडेसदुसष्ट मिलिमीटर, स्ट्रोक 61. साधारण चाळीस घोड्यांचं. आजच्या यंत्रांना त्याच्या तिप्पट-चौपट ताकद असते. मला आजच्यांशी शर्यत लावायची नव्हती. उद्यमनगरात जे हाताखाली शिकलो ते उणे तीसमध्ये चालतं का, हे बघायचं होतं.

आमचे वस्ताद म्हणायचे, "लेका, भोक मोठं केलं म्हणून ताकद येत नसते, वेळ बदलली म्हणून येते." टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो, बंद करतो. पेट्रोल-हवा आत येण्याची खिडकी, खालून वर जाण्याची खिडकी आणि धूर बाहेर जाण्याची खिडकी. धुराच्या खिडकीची वरची कड एक मिलिमीटर वर नेली की माझ्या इंजिनात ती एका फेऱ्यात जवळपास चार अंश जास्त वेळ उघडी राहते. इंजिन वरच्या फेऱ्यांना मोकळा श्वास घेतं आणि खालच्या फेऱ्यांना मंद होतं. मी दीड मिलिमीटर घासलं. वर्ष-दोन वर्षांत नव्हे, चार संध्याकाळींत, पण त्याआधी डिग्री व्हील लावून मोजमाप करण्यात तीन आठवडे गेले. खिडकीची रुंदी वाढवण्याचा मोह फार होतो. बोअरच्या दोन-तृतीयांशापलीकडे गेलात की पिस्टनची रिंग तिथे बाहेर फुगते, कडेला अडकते, आणि मग रिंग, पिस्टन, लायनर एकदम. घासून झाल्यावर कडा हाताने, बारीक कानशीने गोल कराव्याच लागतात. हे काम बघायला कंटाळवाणं असतं, म्हणून यूट्यूबवर कुणी दाखवत नाही.

हेडचं काम त्याहून नाजूक. पिस्टन सगळ्यात वर आल्यावर हेड आणि पिस्टनच्या कडेमध्ये किती फट उरते ते बघायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालायची, हाताने इंजिन फिरवायचं आणि चपटी झालेली तार व्हर्नियरने मोजायची. माझी एक पूर्णांक नऊ मिलिमीटर निघाली. लेथवर हेड घासून ती एक पूर्णांक तीनवर आणली. त्याहून खाली जायची हिंमत पंख्यावर थंड होणाऱ्या पन्नास वर्षांच्या इंजिनात करू नये. दाब वाढला की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच इंधन आपोआप पेटायला बघतं, खडखड आवाज येतो, आणि तो खडखडाट हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही.

या सगळ्याच्या आधी एक काम केलं होतं, ते सांगायला हवं. क्रँकचे ऑईल सील बदलले आणि इंजिनाची सगळी तोंडं बंद करून आत हवेचा दाब धरून ठेवला, गळतं का बघायला. जुनं सील बाहेरची हवा आत ओढतं, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. ताकद वाढवायला निघालेल्या दहापैकी नऊ जणांना हा टप्पा रटाळ वाटतो. उद्यमनगरात वस्ताद गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, "सील कधी बदललेत?" उत्तर आलं नाही तर गाडी परत.

थंडीचा हिशेब आपल्याकडच्या मेकॅनिकला नवा वाटेल. उणे 30 ला हवा ही अधिक 20 च्या हवेपेक्षा सुमारे वीस टक्के दाट असते. म्हणजे तेवढ्याच भोकातून वीस टक्के जास्त ऑक्सिजन आत जातो, आणि पेट्रोल त्या हिशेबाने वाढवलं नाही तर मिश्रण पातळच. सकाळी उणे 5 ला सुरेख चालणारी गाडी रात्री उणे 28 ला पिस्टनला भोक पाडू शकते. इथले जुने लोक खिशात वेगवेगळ्या मापांचे जेट घेऊन फिरतात, आपण सुट्टे पैसे ठेवतो तसे. प्लग काढून बघायचा. चॉकलेटी असेल तर ठीक, पांढरट दिसला तर तिथेच थांबायचं.

आता मुद्द्याच्या जवळ येतो. टू-स्ट्रोकची खरी ताकद पाइपमध्ये असते. धुराचा दणका पाइपमध्ये शिरला की दाबाची लाट पुढे धावते. पाइप रुंद होत गेला की मागे ओढणारी लाट परत येते, ती सिलिंडर साफ करते. पुढे पाइप निमुळता झाला की ढकलणारी लाट परत येते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण खिडकी बंद व्हायच्या आत परत आत कोंबते. 7,000 फेऱ्यांना एक फेरा साडेआठ मिलिसेकंदांत होतो, खिडकी त्यातली चारेक मिलिसेकंद उघडी असते, आणि गरम धुरात लाट सेकंदाला 500 मीटरच्या आसपास पळते. जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे पाइपची लांबी साधारण एक मीटर. इतकं साधं गणित आहे.

हे गणित इंजिनात उतरवण्याचं सगळ्यात मोठं श्रेय पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेनला जातं. पैसा नाही, चांगला माल नाही, आणि 1961 साली त्याच्या 125 सीसीच्या इंजिनाने 25 घोडे दिले. लिटरला 200. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पश्चिमेला पळून गेला, सुझुकीकडे. त्याच्याबरोबर ही विद्याही गेली. पुढच्याच वर्षी सुझुकी 50 सीसीत जगज्जेती. आपल्या गल्लीतून टणटण करत गेलेल्या प्रत्येक जपानी टू-स्ट्रोकच्या मागे हा एक पूर्व जर्मन माणूस उभा आहे, आणि त्याचं नाव गॅरेजांत फारसं कुणी घेत नाही.

मी पाइप घरी केला. पत्र्याचे शंकू कापले, वळवले, वेल्डिंग केलं. शेवटी बारीक नळी येते आणि त्या नळीनंतर सायलेन्सर. ताकद देणारं काम पाइपच्या पोटात, लाटा परतवण्यात, होऊन गेलेलं असतं. बारीक नळीनंतरचा सायलेन्सर फक्त आवाज खातो. तो नीट केलेला असेल, आतलं भोक नळीइतकं आणि भोवती ग्लासवूलचं भरण, तर त्याने ताकद जवळपास जात नाही. मी दोन्ही प्रकारे चालवून पाहिलं. सायलेन्सरशिवाय यंत्र भयंकर वेगवान वाटतं. घड्याळ लावलं तर फरक दिसत नाही. चारचौघांत हे सांगितलं की लोक चिडतात, पण बुलेटची पुंगळी काढणाऱ्यालाही नेमकं हेच मिळतं: वेगाचा भास. कार्ब्युरेटर न बदलता पुंगळी काढली तर बऱ्याचदा पिकअप उलटा जातो.

किती घोडे वाढले? डायनोवर लावलेलं नाही, त्यामुळे आकडा सांगत नाही. डायनोशिवाय आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कोल्हापूरचा असो की कॅनडाचा. आधी इंजिन 6,500 ला दमायचं, आता 7,200 पर्यंत ओढतं. त्यासाठी क्लचची स्प्रिंग आणि वजनं बदलावी लागली. स्नोमोबाईलला गिअर नसतात, दोन पुल्या आणि मध्ये पट्टा, आपल्या ॲक्टिव्हात असतो तोच प्रकार. पुल्या नव्या ताकदीच्या फेऱ्यांना जुळवल्या नाहीत तर केलेली सगळी मेहनत पट्ट्यात जळून जाते.

आता शेतकरी.

मिनेसोटात स्नोमोबाईलच्या वाटा 22,000 मैलांहून जास्त आहेत. म्हणजे 35,000 किलोमीटर. मला आधी वाटायचं की या सरकारी असतील. बहुतेक नाहीत. खूपशा वाटा खासगी शेतांतून जातात. गावोगावचे क्लब शेतकऱ्यांना भेटून परवानगी मागतात, पाट्या लावतात, रात्री यंत्र फिरवून बर्फ सपाट करतात. राज्य सरकार त्यांना अनुदान देतं, ते नोंदणीच्या फीमधून आणि पेट्रोलवरच्या करातल्या वाट्यातून येतं. 1 डिसेंबर ते 1 एप्रिल वाट उघडी, पुढे शेत शेतकऱ्याचं. आपल्याकडे बांधावरून भाऊ भावाचं डोकं फोडतो. इथे परका माणूस शेतातून दिवसरात्र जातो आणि मालकाला त्यातून काही मिळत नाही. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी क्लबच्या सेक्रेटरीला दोनदा विचारलं, भाडं किती देता म्हणून.

हे सगळं शब्दावर आणि एका कागदावर उभं आहे. शेतकरी कधीही नाही म्हणू शकतो. गेल्या वसंतात आमच्या भागातल्या एकाने म्हटलं. त्याच्या शेतातून वाटेचा सहा किलोमीटरचा तुकडा जायचा. तुकडा छोटा, पण तो गेल्यावर दोन गावांमधली जोडच तुटली. मधलं हॉटेल आणि पेट्रोलपंप हिवाळ्यात त्या वाटेवर जगतात. क्लबच्या बैठकीत बरीच आदळआपट झाली. कुणी म्हणालं, म्हातारा खत्रूड आहे. कुणी म्हणालं, सरकारने जमीन घ्यावी. आपल्या ग्रामसभेत आणि यात फरक एवढाच की इथे कॉफी होती.

त्याच्याकडे बोलायला दोघांनी जायचं ठरलं, त्यात एक मी. सत्तरी ओलांडलेला माणूस, सोयाबीन, गवत, आणि साठेक गाई. त्याने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं आणि शांतपणे सांगितलं. वाट त्याच्या वडिलांनी दिली होती. चाळीसहून जास्त वर्षं चालली. शेताची नासधूस नाही, कचरा नाही, तक्रार नाही. पण गेली तीन-चार वर्षं काही यंत्रं अशी येतात की मध्यरात्री गोठ्याचे पत्रे थरथरतात. फेब्रुवारी-मार्चात त्याच्या गाई विततात. एका रात्री असाच एक घोळका गेला, गाई उधळल्या, कुंपणाला धडकल्या, आणि नुकतंच झालेलं एक वासरू पायाखाली आलं. त्याने कुणाचं नाव घेतलं नाही. भरपाईही मागितली नाही. एवढंच म्हणाला, "माझ्या बायकोला झोपेची गोळी घ्यावी लागते, आणि मी ज्यांना वाट देतो त्यांच्यामुळे."

यावर काय बोलणार?

कायदा इथेही आहे. 1975 पासून बनणाऱ्या यंत्रांना पन्नास फुटांवरून, पूर्ण थ्रॉटलला, 78 डेसिबलची मर्यादा उद्योगाने स्वतःच मान्य केली, आणि मिनेसोटात आवाज वाढेल असा सायलेन्सरमधला बदल बेकायदा आहे. साठच्या दशकातली यंत्रं शंभरच्या वर ओरडायची. डेसिबलचा हिशेब सरळ नसतो. दहा वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे त्या जुन्या यंत्रांपेक्षा पाचपट शांत यंत्रं पन्नास वर्षांपूर्वीच बनायला लागली होती, आणि लोक पदरचे पैसे घालून त्यांना परत 1965 मध्ये नेऊन सोडतात. पकडायला माणसं किती? आमच्या अख्ख्या तालुक्याएवढ्या भागाला एक अधिकारी. जंगलात रात्री तो कुणाला गाठणार?

म्हणून इथे प्रत्यक्ष बंदोबस्त शेतकरी करतो, वाट बंद करून. त्यात शांतपणे जाणाराही भरडला जातो. ही शिक्षा अन्यायाची आहे असं क्लबमधले बरेच जण म्हणतात. असेल. पण ज्याच्या गोठ्यात वासरू मेलं त्याने कुणाकुणाचा सायलेन्सर तपासत बसायचं?

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हाच वाद धुरावरून झाला. टू-स्ट्रोक इंजिन घेतलेल्या पेट्रोलचा चौथा-पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, न जाळताच बाहेर टाकतं. 2002 च्या हिवाळ्यात पश्चिम दरवाज्यावरचे कर्मचारी श्वसनाचे मुखवटे लावून पास देत होते. अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या राष्ट्रीय उद्यानात, बर्फात, स्वच्छ हवेसाठी लोक जातात तिथे. एका अध्यक्षाने बंदी आणली, दुसऱ्याने उठवली, कोर्टकज्जे झाले, आणि 2013 मध्ये कुठे कायमचे नियम बसले: संख्या मर्यादित, यंत्रं कमी धुराची आणि कमी आवाजाची. मधल्या दहा-बारा वर्षांत कंपन्यांनी फोर-स्ट्रोक आणि सुधारलेली टू-स्ट्रोक यंत्रं काढून दाखवली. विद्यार्थ्यांची स्वच्छ स्नोमोबाईलची स्पर्धा तर 2000 पासूनच सुरू होती. माझ्या 1976 च्या पिवळीला यातलं काही लागू नाही. धुराचे केंद्रीय नियम 2006 च्या मॉडेलपासूनचे. ती वर्षाला फार तर तीनशे किलोमीटर चालते, म्हणून मी तिला चालवतो. रोज कामावर नेत असतो तर माझंच मत वेगळं झालं असतं.

कायदा जुन्या यंत्राशी कसा वागतो, याचं एक चांगलं उदाहरण इथल्या पंपावर बघायला मिळतं. मिनेसोटात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल सक्तीचं आहे. मक्याचं राज्य, राजकारण उघड आहे, आपल्याकडच्या उसासारखंच. पण त्याच कायद्यात जुन्या संग्रहातल्या गाड्या, बोटी, स्नोमोबाईल, छोटी इंजिनं यांच्यासाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोल विकायला मुभा ठेवली आहे. त्या नळावर तसं लिहिलेलं असतं. थोडं महाग मिळतं, मी ते घेतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, मिश्रण पातळ होतं, जुनं रबर फुगतं. भारतात 2025 मध्ये वीस टक्क्यांवर गेलो. कोल्हापूरचे मित्र फोनवर विचारतात, आरएक्सला कोणता जेट टाकू? आरएक्स 1996 ला बंद झाली, ती वीस टक्क्यांसाठी बनलेलीच नव्हती. धोरणावर भांडण नाही माझं. पण साध्या पंपावर जुन्या गाडीसाठी एक वेगळा नळ ठेवायला काय हरकत होती?

आणि आपल्याकडचा बदलांचा कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की नोंदणीत जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करायची नाही. कलम 190 मध्ये आवाज-धुराच्या मर्यादा मोडल्या तर दहा हजारांपर्यंत दंड, तुरुंगवासाचीही तरतूद. 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आली, तीही मूळ रूपात असलेल्यांनाच. कागदावर सगळं आहे. मग होतं काय? पोरगा भर बाजारात उघड्या दुकानातून सायलेन्सर विकत घेतो, चौकात पकडला जातो, सायलेन्सर रोलरखाली जातो, आणि संध्याकाळी तेच दुकान उघडं असतं. चौकात आवाजाचं मीटर क्वचितच दिसतं, बहुधा कानाने ठरतं. आणि ज्याला खरंच इंजिनाचं काम शिकायचंय, पोर्ट घासायचेत, पाइप वळवायचाय, त्याने ते कुठे करायचं? कोल्हापुरात रेसिंगचं वेड आहे, ट्रॅक आहे, लेथ आहेत, ओतकाम आहे, हात आहेत. तरी ज्याने महिनाभर बसून बंद पाइप शांत केला तो आणि ज्याने हातोड्याने पुंगळी उडवली तो, दोघे एकाच रांगेत उभे राहतात. कारण मोजत कुणीच नाही.

मोजणं महाग नाही. आमच्या क्लबने मीटर घेतलं ते एका शनिवारच्या जेवणावळीच्या वर्गणीतून. पन्नास फुटांची दोरी, दोन खुंट्या. आता हंगामाच्या सुरुवातीला ज्याला हवं तो येतो आणि तपासून घेतो. पहिल्या दिवशी अकरा जण आले, त्यातले चार जण आकडा बघून गप्प घरी गेले आणि पुढच्या शनिवारी जुना सायलेन्सर बसवून परत आले. दंड नाही, भाषण नाही. एकाने मात्र मीटरच खोटं आहे म्हणून वाद घातला. असा एक सगळीकडे असतो.

माझी पिवळी नव्या पाइपने सायलेन्सरशिवाय 96 ला गेली. सायलेन्सर लावून 81. ग्लासवूल जास्त घट्ट भरलं, पाइपचा पातळ पत्रा थरथरत होता त्यावर दुसरा थर चढवला, बॉनेटच्या आतून फोम लावला. 78 वर काटा आणायला ताकद वाढवण्याइतकेच दिवस लागले, आणि खरं सांगू का, मजाही तेवढीच आली. वस्ताद असते तर म्हणाले असते, एवढ्यात दोन आरएक्स झाल्या असत्या.

नोव्हेंबरात पहिला जाड बर्फ पडला तेव्हा ती ट्रेलरवर टाकून आम्ही दोघे परत त्या शेतकऱ्याकडे गेलो. क्लबचं म्हणणं कागदावर नेलं होतं: त्याच्या शेतातून रात्री दहा ते सकाळी सहा वाट बंद, वितीच्या दिवसांत गोठ्यापासून अर्धा किलोमीटर लांबून वळण, आणि दोन्ही टोकांना आवाजाच्या पाट्या. त्याने कागद वाचला, घडी केली आणि म्हणाला, आधी ते यंत्र ऐकव. तो गोठ्याच्या दारात उभा राहिला. मी कुंपणाच्या कडेने पूर्ण थ्रॉटलवर दोन फेऱ्या मारल्या. गाईंनी माना वर केल्या, बघितलं, परत खाली घातल्या.

त्याने विचारलं, हे सगळ्यांचं असं असेल का? माझ्याबरोबरचा माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, सगळ्यांचं नाही सांगता येत. म्हाताऱ्याने मान हलवली, बायकोशी बोलतो म्हणाला. आज डिसेंबरची 14 तारीख आहे. त्या सहा किलोमीटरवर अजून पाट्या लागलेल्या नाहीत, आणि कुंपणाचं फाटकही त्याने अजून कुलूप लावून बंद केलेलं नाही.